धांड्याची गाडी, कागदाचा पूल

ज्वारीचा धांडा सोलला की वरची साल चिवट निघते आणि आतला गाभा पांढरा, हलका, बोटानं दाबला तर दबणारा. सालीची काडी गाभ्यात खुपसली की जोड तयार होतो. त्याला खिळा लागत नाही की डिंक. एवढ्या दोन वस्तूंवर वऱ्हाडातल्या पोरांनी बैलगाड्या केल्या, बाजा विणल्या, नाकावर बसणारे चष्मेसुद्धा केले. कुणी शिकवलं नाही, कुणी गुण दिले नाहीत. आता वाशिम जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन, मधून तुरीची ओळ. सोयाबीन मळणीयंत्रातून निघालं की मागे कुटार उरतं. कुटाराची बैलगाडी होत नाही.

हा विषय निघाला एका मामांच्या आणि त्यांच्या भाचीच्या वादात. मामा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी कालवे, सांडवे आणि मोजमापाच्या वह्या यांत गेली. भाची मंगरूळपीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. शनिवारी, दप्तर नसतं त्या दिवशी, ती मुलांपुढे एक काम टाकते: दोन विटांमध्ये हातभर अंतर, प्रत्येक गटाला दोन वर्तमानपत्रं, थोडी सुतळी आणि वाटीभर खळ, यातून पूल करा. मामांना हे मुळीच पसंत नाही. एरवी ते ऑफिसातली मराठी बोलतात, तापले की वऱ्हाडीवर येतात. त्या दिवशी बराच वेळ तापलेलेच होते.

मामा : पूल बांधायले पोरखेळ समजली का तू? आधी जमीन तपासावी लागते. मग पुराची पातळी. मग वजन किती येईल ते धरायचं, त्यावर हिशोब, आणि सगळ्यात शेवटी नकाशा. तुझे पोट्टे आधी चिकटवतात आणि मग पाहतात, पडला का उभा राहिला. याले इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

भाची : मग काय म्हणतात?

मामा : कार्यानुभव. आमच्या वेळीही होता. तोरण करा, खडूचा डबा सजवा.

भाची : कार्यानुभवात बाई एक तोरण करून दाखवायच्या आणि आम्ही चाळीस जणी तेच तोरण करायचो. हुबेहूब जमलं की शाबासकी. इथे दाखवायला माझ्याकडे पूलच नसतो. मी फक्त अट सांगते. एकाचं पाहून दुसऱ्यानं केलं तरी चालतं, मात्र काय पाहिलं आणि ते का घ्यावंसं वाटलं हे वहीत लिहायचं.

मामा : आणि मग तालुक्याच्या प्रदर्शनात नेऊन मांडायचं. पाहिले मी ते. थर्माकोलचा डोंगर, त्यातून लाल फेस येणारा ज्वालामुखी. बापानं रात्र जागून केलेली पवनचक्की, आणि पोरगं बाजूले उभं राहून पाठ केलेलं बोलते. परीक्षक रंग पाहतात, झालं.

भाची : त्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. आमच्याकडे मांडायला काही उरतच नाही. पूल झाला की त्याच्या मधोमध वाटी लटकवायची आणि तिच्यात एकेक खडा टाकत जायचं, तो मोडेपर्यंत. खिचडीच्या खोलीत तराजू आहे, त्यावर खडे मोजायचे. मग वहीत दोनच गोष्टी: किती वजन पेललं, आणि पहिल्यांदा कुठे गेलं, मध्ये वाकला, टेकूपाशी फाटला की जोड सुटला. पुढच्या शनिवारी तेवढ्याच सामानात पुन्हा तोच पूल.

मामा : पुन्हा तोच?

भाची : पहिल्या पुलाला मी काहीच किंमत देत नाही. तो अंदाजच असतो. दुसरा पूल पहिल्याच्या मोडण्यातून आला की नाही, एवढं पाहते.

मामा इथे थोडे थांबले. वाद बाजूला ठेवून एक गोष्ट माझ्या पदरची. 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली आपल्या शाळांमधून जे काही होतं त्यातलं बहुतेक टाकाऊतून शोभेचं असतं, आणि शोभेच्या वस्तूला हरता येत नाही. वजन टांगलेली वस्तू हरते. घरगुती सामानातून काही करायला लावणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. ते तराजूवर चढवणारे कमी.

मामांनी टेबलावरचा एक कागद उचलला.

मामा : हा दोन पेल्यांवर आडवा ठेवला तर स्वतःच्याच वजनानं लोंबेल. तुझे पोट्टे काय करतात याचं?

भाची : बहुतेक गट आधी थर वाढवतात. चार कागद एकावर एक. थोडा फरक पडतो, फार नाही. मग कुणीतरी पंख्यासारख्या घड्या घालतं. त्याच एका कागदावर मग वाटीभर गहू राहतो. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा वर्गात गलका होतो. मग मी विचारते, हे तुम्ही याआधी कुठे पाहिलंय?

मामा : टिनाच्या पत्र्यात.

भाची : एवढ्या लवकर कुणी सांगत नाही. रोज त्याच पत्र्याखाली झोपतात, तरी वेळ लागतो.

मामा : पण हे झालं पाहणं. समजणं कुठं आलं? घे ती फूटपट्टी. आडवी धर, दोन बोटांनी दाब, वाकते. आता कडेवर उभी धरून दाब. लाकूड तेच, लांबी तीच. उंची वाढली म्हणून ताठली. उंची दुप्पट केली तर वाकायला विरोध आठपट होतो, मोडायला चौपट. रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून जुन्या घरात सागाच्या कड्या उभ्या बसवलेल्या असतात, आडव्या नाहीत. हे आकडे तुझ्या पोट्ट्यांले माहीत आहेत का?

भाची : नाहीत. आठवीच्या पुस्तकात ते येतही नाहीत.

मामा : मग?

भाची : आठपट हा आकडा तुम्हाला कॉलेजात मिळाला. तेव्हा तो कुठे चिकटला? कशाला तरी चिकटला असेल ना. माझ्या वर्गातल्या मुलांनी घडी कमी उंच केली आणि पूल पडला, जास्त उंच केली आणि पेलला. खूप उंच केली तेव्हा घडी बाजूला लवंडून पडली, हेही पाहिलं. उद्या त्यांना कुणी आठपट सांगितलं तर ते म्हणतील, हो, आणि लवंडण्याचं काय?

मामा : लवंडण्याचं खरंच विचारलं कुणी?

भाची : सातवीतल्या एकीनं. मी उत्तर दिलं नाही. मला नीट येत नव्हतं.

मामा : त्याले आडवे बांध द्यावे लागतात. टाके घालतात घडीवर, वरून एक पट्टी चिकटवली तरी पुरते. अन् धांड्याच्या गाडीचं घे नं, त्यातही हेच आहे. काहीही वाकवलं तर वरचा थर दाबला जाते, खालचा ताणला जाते, आणि मधल्या भागाले फारसं काम नसते. म्हणून धांड्याची साल कडक आणि गाभा भुसभुशीत. झाडानं माल वाया घालवला नाही. लोखंडी गर्डर पाहा, वर पट्टी, खाली पट्टी, मध्ये पातळ पान. समृद्धी महामार्गाचं काम कारंज्या-मालेगावाकडे चालू होतं तेव्हा ट्रेलरवरून हेच जात होते.

भाची : हे तुम्ही शनिवारी येऊन सांगा.

मामा : मी कायले येऊ? तुझा पगार घ्यायले?

चहा आला. या घरात वाद चहाशिवाय पुढे सरकत नाही. त्यानंतर मामांनी जो मुद्दा काढला तो मला या सगळ्यातला सर्वांत टोकदार वाटतो, म्हणून तो त्यांच्याच भाषेत, लांबवर.

मामा : खरं सांगू? मले राग येते तो दुसऱ्याच गोष्टीचा. 2018 साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपला वाशिम. आकांक्षित म्हणजे काय, मागासलेला म्हणायची लाज वाटली म्हणून काढलेला शब्द. अन् त्याच काळात निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळून राहिल्या. वीस लाखांपर्यंत अनुदान. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, सगळं. पुण्या-मुंबईचं पोरगं तर घरी रोबोटचा संच घेऊन बसते. आणि आपल्या पोट्ट्यांले काय? रद्दी, आगकाड्या, फुटका फुगा. वर आपणच कौतुक करायचं, पाहा किती कल्पक आहेत! गरिबाच्या हातात कचरा द्यायचा आणि त्याले जुगाड म्हणून टाळ्या वाजवायच्या. जुगाडावर चालणारं मळणीयंत्र पोराचा हात घेऊन जाते तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

भाची : कचरा हा शब्द मी वर्गात वापरत नाही.

मामा : शब्द न वापरल्यानं वस्तू बदलते का?

भाची : नाही बदलत. पण मामा, अरविंद गुप्तांचं उदाहरण घ्या. 1975 ला आयआयटी कानपूरमधून बाहेर पडले, पुण्यात टेल्कोत ट्रक बनवत होते. 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. काळी रबरी नळी, तिचे तुकडे करून आगकाड्या जोडल्या. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला की लगेच तिरका होतो. कर्ण टाकला की चौकोनही ताठ. छपराच्या कैचीतलं गणित एवढ्यात आलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. ते गृहस्थ जुगाडवाले म्हणायचे का?

मामा : त्यांनी टेल्को पाहिली होती. ट्रक माहीत असलेला माणूस आगकाडी हातात घेते, तेव्हा ती त्यानं निवडलेली असते. आपल्या पोट्ट्याले आगकाडीशिवाय काही दिलंच नाही, तर ती निवड नाही.

भाची काही बोलली नाही. मलाही यावर चटकन उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. कागदाच्या पुलाचा गुण हा, की मोडला तर कुणाचं नुकसान होत नाही आणि पुन्हा करायला पैसे लागत नाहीत. महागड्या यंत्राला शिक्षकच भिऊन कुलूप घालतात, असंही घडतं. पण म्हणून यंत्र नकोच असा निष्कर्ष काढणं सोयीचं आहे, विशेषतः ज्यांना ते द्यायचं नाही त्यांच्या सोयीचं.

भाची : तुम्ही म्हणता तसं एक ठिकाण आहे. पाबळचा विज्ञान आश्रम. डॉक्टर श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून 1983 मध्ये सुरू केला. तिथली मुलं गावात विजेची जोडणी करतात, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधतात, गावाला लागेल ते. आणि 2002 मध्ये तिथेच फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. म्हणजे फावडंही आहे आणि लेझरचं कटिंगही आहे.

मामा : हे मले पटते. तिथं पोरगं वस्तू करते ती कुणीतरी वापरते. वापरणारा कुरकुर करतो. कुरकुर ऐकली की इंजिनिअर तयार होते.

भाची : पण हेच गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलं तेव्हा लोकांनी काय म्हटलं? हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजेच नई तालीम. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगारही निघावा, अशी अपेक्षा होती. तुमच्या माझ्या वऱ्हाडाच्या दारात झालेली परिषद ही. कुठे राहिली नई तालीम?

मामा : काऊन राहील? माझ्या बापानं मले शाळेत घातलं ते वखर हाकू नये म्हणून. तिथं मास्तर म्हणाला असता, बाळा, वखर हाक, त्यातच शिक्षण आहे, तर माझा बाप मले दुसऱ्या दिवशी घरी घेऊन आला असता. फुकटात वखर हाकायले मजूर घरी होताच.

भाची : माझ्याकडे पालक हेच म्हणतात. परवा एक जण येऊन म्हणाले, मॅडम, पोराला नवोदयच्या परीक्षेला बसवायचंय, अन् तुम्ही त्याच्याकडून तुराट्या बांधून घेता. तुराट्या बांधायला तो घरीच शिकला आहे.

मामा : काय सांगितलंस?

भाची : त्याच्या वहीचं पान दाखवलं. तुराट्यांचा मनोरा, पाच वेळा पडला, पाचही वेळी तो कुठून पडला ते चित्र काढून लिहिलेलं. पाचव्या चित्रात त्यानं चारही बाजूंना तिरप्या काड्या टाकल्यात. वडील बघत बसले. म्हणाले, हे आम्ही गोठ्याच्या छपराला करतो. मग म्हणाले, पण नवोदयला हे येत नाही ना? मी म्हटलं, नाही येत.

खरं सांगायचं तर ते येतंच नाही. शिष्यवृत्ती, नवोदय, पुढे नीट आणि सीईटी या परीक्षांच्या रांगेत कागदाच्या पुलाला जागा नाही, आणि 'यातून मुलांची आकलनशक्ती वाढते' असं सांगून पालकाला गुंडाळणं मला प्रामाणिक वाटत नाही. भाचीनं गुंडाळलं नाही, हे मला आवडलं.

त्यानंतर बोलणं जरा इकडेतिकडे गेलं. परदेशातल्या एका खेळाचा विषय निघाला. वीस कच्च्या स्पगेटीच्या काड्या, वारभर चिकटपट्टी, तेवढीच दोरी, अठरा मिनिटं. मनोरा करायचा आणि टोकावर एक मार्शमॅलो टिकवायचा. टॉम वुजेक हे टोरांटोचे गृहस्थ जगभर हा खेळ घेत, आणि व्यवस्थापनाचे पदवीधर बालवाडीच्या मुलांपुढे हरतात असं सांगत. पदवीधर नकाशा आखण्यात वेळ घालवतात आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमॅलो वर ठेवतात. मुलं पहिल्यापासून तो टोकाला लावूनच पाहत असतात. मामांना हे ऐकून बरं वाटलं नाही, कारण नकाशावाल्यांत ते स्वतःला धरतात. भाचीनं आठवण करून दिली की त्याच माणसाच्या सांगण्यानुसार सगळ्यात उंच मनोरे खऱ्या अभियंत्यांचे आणि वास्तुरचनाकारांचे होते. मामांनी पेला उचलून चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, 'ते सांग नं मग आधी.'

भाची : एक गोष्ट मात्र मला या शनिवारांनीच दाखवली. सुरुवातीला प्रत्येक गटात पक्कड मुलाच्या हातात आणि खळ ढवळायला मुलगी. मग मी मातीचं काम दिलं. चूल करा, वाळल्यावर तडा जायला नको. मुलांच्या चुली उन्हात फाटल्या. एका मुलीनं मातीत बारीक भुसा आणि शेण मिसळलं होतं, किती मिसळायचं तेही तिला हातानं कळत होतं. तिची एक चीर गेली नाही. मी विचारलं, भुसा का? म्हणाली, तो धरून ठेवतो. पुढच्या शनिवारी पक्कड तिनं स्वतः उचलली.

मामा : काँक्रीटमध्ये सळई हेच करते. ताण घेते. त्या पोरीले कुणी सांगितलं का हे?

भाची : तुम्ही सांगा.

मामा : तू मले सारखं तिथं ओढून राहिली.

भाची : मग तुम्हीच एखादं काम सुचवा. कागदाचा पूल तुम्हाला नको, तर दुसरं काही.

मामा जरा पुढे सरकून बसले. त्यांचा आवाज बदलला.

मामा : आपला जिल्हा कसा आहे माहीत आहे नं? मधून पाणलोटाची धार जाते. इकडं काट्याच्या बाजूचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेत, मग तापीत, म्हणजे अरबी समुद्रात. तिकडं पडलेला थेंब अडाणेतून, पैनगंगेतून गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागरात. इथलं पाणी इथं थांबत नाही, निघून जाते. म्हणून अडवायचं. तर घमेल्यात धरण करायले लाव. काळी माती, मुरूम आणि दगड, एवढंच सामान. एका बाजूले बादलीभर पाणी ओतायचं आणि एक तास टिकवायचं.

भाची : सगळे काळ्या मातीचंच करतील. चिकट असते म्हणून.

मामा : करू दे. नुसती काळी माती पाणी अडवते, पण ओली झाली की घसरते आणि वाळली की भेगाळते. नुसता मुरूम घसरत नाही, पण झिरपतो. आम्ही मातीचं धरण करतो तेव्हा आत काळ्या मातीचं हार्टिंग, बाहेरून मुरुमाचं केसिंग, आणि पाण्याच्या बाजूले दगडाची पिचिंग. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. पोट्ट्यांनी प्रत्येक थर ठोकला पाहिजे. न ठोकता भरलं की खचते.

भाची : आणि सांडवा?

मामा : तो सगळ्यात आधी सांग. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की संपलं. पाच मिनिटांत नाली पडते आणि धरण वाहून जाते.

भाची : नाही सांगणार.

मामा : अगं, काऊन नाही? 12 जुलै 1961 ले पानशेत फुटलं. पुण्याचं काय झालं ते आमच्या खात्यात पोरापोराले माहीत आहे. धरण फुटणं ही टाळ्या वाजवायची गोष्ट नाही.

भाची : म्हणूनच घमेल्यात फुटू दे. पहिल्या शनिवारी बादली अर्धीच ओतायची, टिकलं तर टिकलं. दुसऱ्या शनिवारी मी पूर्ण ओतीन. वरून पाणी गेलं की तेच म्हणतील, बाई, याला बाजूनं वाट पाहिजे. तुम्ही आधी सांगितलंत तर ते नालीची एक रेघ काढतील, कारण मामा म्हणाले.

मामा : आणि कुणालेच सुचलं नाही तर?

भाची : तर तिसऱ्या शनिवारी तुम्ही सांगा.

मामा : तिसऱ्या शनिवारपर्यंत थांबायले मी काही रिकामा नाही. दुसऱ्याच शनिवारी येतो. अन् घमेलं लोखंडी घे, प्लास्टिकचं दाबलं की आकार सोडते, मग पोट्टे म्हणतील धरण चुकलं. मुरूम चाळून घे, मोठे खडे वेगळे काढ. आणि काळी माती आपल्या वावरातली नको, त्यात खताचं कुटार आहे. नाल्याच्या काठची आण.